बाग-ए-आम : मराठवाड्याची विसरलेली बाग

अणदूर हे सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचे गाव. इथून मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ. तरी वाघ-सिंह आणि जुनी झाडे असलेली बाग म्हटली, की आपल्याला 1862 साली खुली झालेली मुंबईची राणीची बाग आठवते. आपल्या आजोबांच्या राजधानीतली बाग मात्र हैदराबादची ‘बाग-ए-आम’ होती. आज तिला पब्लिक गार्डन म्हणतात.

‘आम’ म्हणजे सर्वांची. निजामी राज्यात ‘खास’ म्हणजे काय, हे उस्मानाबाद जिल्ह्याला चांगले ठाऊक होते. जिल्ह्याचा काही भाग ‘सर्फ-ए-खास’मध्ये होता, तिथला महसूल निजामाच्या खासगी खर्चाला जाई. ही व्यवस्था 1949 मध्ये संपली. अशा राज्यात एखाद्या जागेला ‘आम’ म्हणणे ही साधी गोष्ट नव्हती.

याच बागेत टाउन हॉल उभा राहिला. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या काळात, 1905 मध्ये त्याची पायाभरणी झाली. 1913 मध्ये तो पूर्ण झाला, तेव्हा गादीवर उस्मान अली खान होते, म्हणजे ज्यांचे नाव आपल्या जिल्ह्याला होते तेच. पुढे 1952 च्या निवडणुकीनंतर हैदराबाद राज्याची 175 सदस्यांची विधानसभा इथे भरू लागली. तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्यांच्या शेजारी मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांचे आमदार बसत. राजाच्या गौरवासाठी बांधलेल्या वास्तूत रयतेचे प्रतिनिधी बसले. बागेचे नाव खऱ्या अर्थाने सार्थ झाले ते तेव्हा.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्याचे विभाजन झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. बागेतले प्राणी मात्र आणखी काही वर्षे तिथेच होते. 1963 मध्ये मीर आलम तलावाकाठी नेहरू प्राणिसंग्रहालय खुले झाले आणि तेही हलले. म्हणजे आमचे आमदार आधी गेले, वाघ-सिंह नंतर!

मी बाग पाहिली ती बऱ्याच उशिरा. पिंजरे नव्हते. मोठ्या झाडांखाली माणसे फिरत होती. तिथल्या संग्रहालयात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती दिसल्या आणि क्षणभर परक्या गावी घरचे माणूस भेटल्यासारखे झाले. जवळच विधानसभेची पांढरी इमारत होती. पहारा होता, आत जाता आले नाही.

मुक्तिसंग्राम आपण दरवर्षी 17 सप्टेंबरला आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या राजधानीत आपली माणसे केवळ लढायला गेली नव्हती. ती शिकायला गेली, कोर्टकचेरीला गेली, मुलांना वाघ दाखवायलाही गेली. हा इतिहास दप्तरांत कमी आणि घरांत जास्त आहे. बागेतला वाघ पाहिलेली मुले आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. या दिवाळीत ती ओसरीवर बसली असतील, तर विचारून घ्या.