हेलनचं गाणं आणि रात्रीची रोजी

हळदीच्या रात्री डीजेवर 'पिया तू अब तो आजा' लागलं की आमच्या वैशाखऱ्यात म्हाताऱ्यासुद्धा ताल धरतात. या गाण्यामागे किती बायांची रोजी आहे, ते आज सांगतो.

गाणं १९७१ च्या 'कारवां' सिनेमातलं. रात्रीचा क्लब, झगमगाट आणि नाचणारी हेलन. चाल राहुल देव बर्मन यांची, आवाज सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांचा. संसार मोडल्यावर त्या मुलांना घेऊन माहेरी आल्या होत्या, तिसरं पोटात होतं. क्लबातली गाणी त्यांच्या वाट्याला फार आली. या गाण्याला मात्र फिल्मफेअर मिळालं.

आणि ते बाजे? मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत पूर्वी जाझ वाजे. हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत, पण इथले वाजवणारे बरेचसे गोव्याचे. १९४९ चा दारूबंदी कायदा आला, हॉटेलांतल्या रात्री थंडावल्या आणि पुष्कळ वादक सिनेमाच्या स्टुडिओकडे वळले. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट हे त्यांतलेच. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांसोबत 'अलबेला'त त्यांनी काम केलं.

हेलनचा जन्म रंगूनचा. लढाईत वडील गेले. आई लेकरांना घेऊन ब्रह्मदेशातून पायी आसामात आली, पुढे मुंबईत नर्स झाली. त्या पगारात घर भागेना, म्हणून हेलन शाळा सोडून नाचायला लागली. हौस म्हणून नव्हे, हे आम्हाला मुद्दाम सांगायचंय.

पडद्यावरच्या नाचाला टाळ्या पडल्या, पण २००५ मध्ये राज्य सरकारनं डान्सबार बंद केले. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती. म्हणजे मोठ्या गाडीतून येणाऱ्यासमोर ती कला, आणि रिक्षातून येणाऱ्यासमोर पाप! घरी पैसे धाडणाऱ्या बायांचं काम गेलं. बारमालकांबरोबर त्यांच्या संघटनाही कोर्टात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये बंदी रद्द केली, पण लगेच स्थगिती आली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बायांच्या बाजूनं लागला तो जुलै २०१३ मध्ये. आठ वर्षं चूल कशी पेटली असेल, ते बचतगटातल्या बाईला वेगळं सांगायला नको.

सरकारनं पुन्हा कायदे केले, बाया पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बऱ्याच अटी सैल केल्या. नोटा उधळायला मनाई राहिली, बक्षिशी मात्र घेता येईल असं ठरलं.