आठ स्प्रिंगा

परवा लेकीने रात्री जेवताना तक्रार केली, "बाबा, तो बोर्ड मला खालून मारतो." वय नऊ, वजन सव्वीस किलो. दोन वर्षं जिम्नॅस्टिक्सला जाते आहे, आणि गेला महिनाभर नडग्या दुखतात म्हणून रात्री तेल लावून घेते. सरांना विचारलं तर म्हणाले, "अहो, बोर्डाला काय होतंय, सवय होईल." सर माणूस म्हणून फार चांगले आहेत. पण माझं पोट स्प्रिंगांवर चालतं हो. वीस वर्षं दुचाकींच्या स्प्रिंगा बनवणाऱ्या कारखान्यात काढली आहेत. तेव्हा "सवय होईल" हे उत्तर काही घशाखाली उतरेना. रविवारी गेलो आणि बोर्ड उलटा करून पाहिला. खाली आठ स्प्रिंगा, आठही जागच्या जागी, आणि बोल्टांवर इतकी धूळ की त्यांना पान्हा लागून जमाना झाला असावा. याच बोर्डावरून संध्याकाळी पासष्ट-सत्तर किलोची मुलं उड्या मारतात.

तेव्हापासून हे स्प्रिंगबोर्ड प्रकरण डोक्यात बसलंय.

सुरुवातीला बोर्डाला स्प्रिंग नव्हतीच. १८११ मध्ये यान नावाच्या जर्मन शिक्षकाने बर्लिनच्या हाझेनहाइडमध्ये उघड्यावर व्यायामाचं मैदान सुरू केलं. घोड्यावर चढण्या-उतरण्याचा सराव लाकडी घोड्यावर करायचा, तिथून हा उडीचा खेळ वाढला. घोड्यापुढे काय, तर एक उतरती लाकडी फळी. दाबली तरी न दबणारी. उडी मारायची ती तुमच्या पायांनी, फळी फक्त तिरपी. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये घोड्यावरची उडी हा प्रकार होता, म्हणजे खेळ जगभर पोचला होता, पण फळी मुळात फळीच राहिली.

मग १९५० च्या दशकात रिचर्ड रॉयथर या जर्मन माणसाच्या नावाचा बोर्ड आला. लाकूडच, पण वाकणारं आणि परत उसळणारं. वरून पाहिलं तर किरकोळ सुधारणा. पण त्यानंतर उड्यांचं काय झालं बघा. १९६२ मध्ये यामाशिता, १९७० मध्ये त्सुकाहारा, दोघंही जपानी, दोघांच्या नावाच्या उड्या आजही शिकवतात. श्रेय अर्थात त्यांच्या शरीराचं आणि हिमतीचं. तरी त्सुकाहाराची ती उडी न दबणाऱ्या फळीवरून करून दाखवा म्हटलं, तर अवघडच. पुढे लाकडाच्या जागी खाली गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या, आणि इथे माझ्यासारख्याचा जीव भांड्यात पडतो, कारण स्प्रिंग मोजता येते.

थोडं गणित, कंटाळू नका. स्प्रिंगेचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. तार फक्त दहा टक्के जाड घेतली की स्प्रिंग सेहेचाळीस टक्के ताठ होते. वेढे वाढवले की मऊ होते. आणि आठ स्प्रिंगा शेजारी-शेजारी बसवल्या की त्यांचे ताठपणे सरळ बेरजेत जातात. म्हणजे आठातल्या दोन काढल्या की बोर्ड पाव हिश्शाने मऊ. बोर्डात 'फेरफार' करायचा तो एवढाच, बाकी काही जादू नाही. पाय बोर्डावर असतात सेकंदाचा दहावा भाग, थोडं इकडे-तिकडे. तेवढ्यात बोर्ड दबून परत उठला पाहिजे, आणि उठताना पाय अजून त्यावर असले पाहिजेत. जड माणसाला मऊ बोर्ड दिला तर तो तळाला टेकतो. हलक्या पोरीला ताठ बोर्ड दिला तर तो दबतच नाही, तिच्यापुरता तो पुन्हा १८११ सालची फळी होतो. "खालून मारतो" म्हणजे नेमकं हेच. नऊ वर्षांच्या मुलीने एका वाक्यात सांगितलं ते मला कागदावर मांडायला पाऊण तास लागला.

पण म्हणून सगळं बदलता येणारं करून टाकावं का? इथे मी जरा अडखळतो.

सप्टेंबर २०००, सिडनी ऑलिंपिक. मुलींची वैयक्तिक स्पर्धा. घोड्याची उंची बदलता येते, मुलांसाठी १३५ सेंटीमीटर, मुलींसाठी १२५. त्या दिवशी कुणीतरी तो १२० वर लावला. पाच सेंटीमीटर, म्हणजे तीन बोटं. एकामागून एक मुली पडायला लागल्या. स्वेतलाना खोरकिना, जिला विजेतेपदाची दावेदार मानत होते, ती गुडघ्यांवर आपटली. चूक शोधली कुणी, तर ॲलाना स्लेटर या ऑस्ट्रेलियन मुलीने. म्हणे घोडा खाली वाटतोय. टेप लावली तर खरंच खाली. आधी उडी मारलेल्यांना पुन्हा संधी दिली, पण खोरकिना तोवर बारवरूनही पडली होती. तिला पुन्हा उडी मारून काय मिळणार होतं?

त्याआधीची गोष्ट जास्त काळी आहे. १९८२ पासून युर्चेंको उडी रुळली होती, यात मुलगी बोर्डावर पाठमोरी येते, बोर्ड दिसतच नाही. मे १९८८ मध्ये टोकियोत सराव करताना जुलिसा गोमेझ या पंधरा वर्षांच्या अमेरिकन मुलीचा पाय बोर्डावरून निसटला आणि डोकं घोड्यावर आदळलं. मानेखाली सगळं गेलं. १९९१ मध्ये ती वारली. १९८९ मध्ये बोर्डाभोवती घोड्याच्या नालेसारखी गादी ठेवायला परवानगी मिळाली. २००१ मध्ये घोडाच गेला, त्याजागी रुंद टेबल आलं. एक गादी. ती आधी का नव्हती, याचा मी बराच विचार केला. उत्तर नाही सापडलं, राग मात्र आला.

आणखी एक गंमत. मोठ्या स्पर्धेत बोर्डाच्या स्प्रिंगा स्वतः काढल्या, घातल्या किंवा जागा बदलल्या तर गुण कापतात! सिडनीनंतर मला ते पटतंही. पण मग अंगाला बेतून घेणं हे सरावातच व्हायला हवं, आणि तिथे सर म्हणतात सवय होईल.

आमच्या देशातलं उदाहरण तर माझ्याच धंद्यातलं आहे. आगरताळ्यात बिश्वेश्वर नंदी या प्रशिक्षकांकडे धड साहित्य नव्हतं. लहानग्या दीपा कर्माकरसाठी गाद्यांवर गाद्या रचून व्हॉल्ट केला, आणि स्प्रिंगबोर्ड बनवला भंगारातल्या स्कूटरचे सुटे भाग वापरून. स्कूटर! कुठल्या मापाचे भाग होते, किती वजनासाठी घडवले होते, कुणी मोजलं असेल? तरी ती पोरगी २०१६ ला रिओमध्ये प्रोदुनोवा मारून चौथी आली, १५.०६६ गुण, कांस्यपदक ०.१५ ने हुकलं. लोक ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. मला ती ऐकताना नडग्या आठवतात.

असो. या रविवारी सरांची परवानगी घेतली. घेताना वाद झाला, तो इथे लिहीत नाही. सकाळच्या लहान मुलांच्या वर्गाआधी पान्हा आणि डब्ल्यूडी-४० घेऊन गेलो आणि डावी-उजवी अशी एक जोडी काढली. एकाच बाजूच्या काढल्या असत्या तर फळी तिरकी दबली असती. बोर्डाच्या कडेला खडूने मोठा '६' काढला. पहिल्या उडीला लेकीने काही बोललं नाही, दुसऱ्यांदा रांगेत जाऊन उभी राहिली. वर्ग संपल्यावर दोन्ही स्प्रिंगा परत बसवल्या, '६' पुसून '८' केला. संध्याकाळी मोठ्या मुलांपैकी कुणीतरी विचारलं म्हणे, हा आकडा कसला.