वरचे दूध : गाईचे की डब्याचे?

मूल अंगावरून तोडले की घरोघर प्रश्न पडतो, आता वरचे दूध कोणते?

डब्याची कथा जर्मनीत सुरू झाली. १८६५ साली रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी गाईचे दूध, गव्हाचे पीठ नि मोड आणलेल्या सातूचे पीठ यांचे बालान्न सुचविले. १८६७ मध्ये नेस्ले यांनी स्वित्झर्लंडात दूधपीठ विकायला काढले. पुढे जाहिरातींनी आईच्या दुधालाच मागे सारले. म्हणून १९९२ साली भारताने त्या कायद्याने बंद केल्या.

पहिले सहा महिने गाईचे दूध तान्ह्याला सोसत नाही. त्यापुढे, २०२३ चा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा : अकरा महिन्यांपर्यंत डब्याचे किंवा जनावराचे, कोणतेही चालेल, वर्षानंतर जनावराचेच द्यावे.

मग गोठ्यात गाय असता वर्षाच्या पोरासाठी महागडा डबा कशाला? दूध मात्र उकळूनच पाजा. गुरुजींनी हे पालकांच्या कानी घालावे.