खिळ्याच्या वंशातला टिपर

टेबलावर १:५० मापाचा जर्मन टिपर उभा आहे, मागे दांडीने जोडलेला ट्रेलर. मॉडेल पारखायचं म्हटलं की मी ते आधी उताणं करतो. वरचा रंग, आरसे, दारावरची नक्षी ही गिऱ्हाइकासाठी असते. ओतकाम कसं झालंय ते पोटाखाली कळतं. चॅसीच्या आतल्या अंगाला वाटाण्याहून लहान गोल ठसे आहेत. ओतलेला तुकडा साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे ते व्रण. मडगार्डच्या कडेला केसाएवढी रेघ दिसते, तिथे साच्याच्या दोन पाळ्या मिळाल्या. जुन्या छापखान्यात ज्यांनी शिशाचे खिळे जुळवलेत त्यांना हे परकं वाटणार नाही. खिळ्याच्या कुशीवरही असाच गोल ठसा असे.

हे साम्य रक्ताचं आहे. वितळलेला धातू पोलादी साच्यात दाबून, क्षणात गोठवून, हुबेहूब तोच आकार हजारदा काढायचा, ही गरज पहिल्यांदा पडली ती छपाईला. १८८६मध्ये ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’च्या कचेरीत मर्गेंथालरचं लायनोटाइप यंत्र सुरू झालं आणि अख्खी ओळच्या ओळ ओतली जाऊ लागली. १८९३च्या शिकागो प्रदर्शनात ते यंत्र सॅम्युएल डाउस्टने पाहिलं. डाउस्ट बंधू धोबीधंद्याचं एक नियतकालिक काढत. अक्षरं ओतता येतात तर गुंड्या, चिमुकल्या इस्त्र्या का नाही, असा व्यवहारी विचार त्यांनी केला. त्याच घरातून पुढे ‘टूट्सीटॉय’च्या मोटारी निघाल्या. म्हणजे खेळण्यातल्या ट्रकचं मूळ शोधत गेलं की आपण मोटारीच्या कारखान्यात पोचतच नाही, छापखान्यात पोचतो.

टिपरचा पूर्वज मात्र लिव्हरपूलचा. मेकॅनोवाल्या फ्रँक हॉर्नबीच्या कारखान्याने १९३३च्या अखेरीस सहा गाड्यांचा एक संच काढला. पुढच्याच वर्षी त्यांना ‘डिंकी’ हे नाव मिळालं. मूळ हेतू आगगाडीच्या खेळात स्टेशनाबाहेर उभं करायला काहीतरी हवं एवढाच. म्हणूनच तर १:४३ हे विचित्र माप रूढ झालं: आगगाडीच्या त्या मापात एका फुटाला ७ मिलिमीटर धरत. डिंकीच्या २५ क्रमांकाच्या मालिकेत ‘२५ई’ हा टिपर होता आणि ‘२५जी’ हा ट्रेलर. हौदा बोटाने उचलायचा, जॅक वगैरे काही नाही.

सुरुवातीच्या डिंकी शिशाच्या. मग जस्ताचा मिश्रधातू आला: अमेरिकेत ‘झमॅक’, इंग्लंडात ‘मझॅक’. जस्त, अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं यांच्या जर्मन नावांची आद्याक्षरं जोडून हे नाव झालं. अॅल्युमिनियम साधारण ४ टक्के, बाकी जवळजवळ सगळं जस्त. शिशापेक्षा हलका, कणखर, चारशे अंशांच्या आतच वितळणारा. पण त्याला सोवळं फार. जस्तात शिशाचा अंश उतरला की धातू आतून कणाकणाने सडतो, फुगतो, भेगाळतो आणि एक दिवस हातात चुरा येतो. याला ‘झिंक पेस्ट’ म्हणतात. युद्धापूर्वीच्या कितीतरी डिंकी अशा गेल्या. ज्या शिशापासून घराणं सुरू झालं त्यानेच नातवंडं खाल्ली, असं म्हणायला हरकत नाही. जुना टिपर विकत घेत असाल तर रंगाचे टवके माफ करा, चॅसीचा बाक आणि जाळीदार भेगा करू नका. त्यावर औषध नाही.

पुढची पायरी लंडनच्या ‘लेस्नी’ची. तिथल्या जॅक ओडेलच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल तेवढंच खेळणं न्यायची मुभा होती. बापाने पितळेचा रोडरोलर तेवढा करून दिला. १९५३ला ‘मॅचबॉक्स’ बाजारात आली, त्यात रोलर पहिला आणि डंपर दुसरा. बांधकामाच्या गाड्यांना आरंभापासून मान होता तो असा.

न्यूरेंबर्गच्या परिसरातल्या ‘कॉनराड’ आणि ‘एनझेडजी’ या कंपन्यांनी १:५० हे माप बांधकामाच्या यंत्रांसाठी रुळवलं. त्यांचं बरंचसं गिऱ्हाईक मुलं नव्हेतच. ट्रक आणि क्रेन बनवणाऱ्या कंपन्या आपल्या ग्राहकांना भेट द्यायला ही मॉडेलं करून घेतात. म्हणून जॅक टप्प्याटप्प्याने उलगडतो, फाळका बिजागरीवर सुटतो. आपल्याकडे खडी-मुरमाच्या ट्रकला लोक सर्रास ‘हायवा’ म्हणतात. तेही खरं तर हौदा उचलणारा जॅक बनवणाऱ्या डच कंपनीचं नाव.

आता टेबलावरचा. केबिनचं ओतकाम धारदार आहे, आरशांच्या काड्या मात्र प्लॅस्टिकच्या आणि नाजूक. ट्रेलरची पुढची चाकं दांडीबरोबर वळतात, हे बरं. ‘काय वजनदार आहे!’ या कौतुकावर माझा विश्वास नाही. २५ टनांचा भरलेला ट्रक लांबी-रुंदी-उंचीत पन्नासाव्या हिश्शाएवढा केला तर वजन सव्वा लाखाव्या हिश्शावर, म्हणजे २०० ग्रॅमवर येतं. हा रिकामाच ३६० ग्रॅम भरला. खरी परीक्षा जॅकची. हौदा पूर्ण उचलून ठेवला आणि चहा टाकायला गेलो. परत आलो तेव्हा ट्रकचा हौदा तसाच उभा होता, ट्रेलरचा मात्र खाली बसला होता. ट्रक ठेवतो; ट्रेलर दुकानदाराकडून बदलून घेणार.