कृत्रिम बुद्धिमत्ता : अमृत आणि हलाहल

यंत्रे माणसावर राज्य करतील काय, हा प्रश्न चित्रपटांनी इतका चघळला आहे की कृत्रिम बुद्धिमत्तेचा खरा धोका कोठे आहे, याकडे सहसा लक्षच जात नाही. तो समजून घ्यायचा तर औषधसंशोधनाकडे पाहावे. या तंत्राचे वरदान आणि त्याची धास्ती ही दोन्ही तेथे एकाच प्रयोगशाळेत नांदताना दिसतात.

आधी वरदानाविषयी. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. नवी प्रतिजैविके शोधण्याचा खर्च अफाट आणि नफा बेताचा, त्यामुळे बड्या औषध कंपन्यांनी या कामातून अंग काढून घेतले आहे. अशा स्थितीत अमेरिकेतील 'एमआयटी'मधील जेम्स कॉलिन्स आणि रेजिना बार्झिले यांच्या चमूने २०२० मध्ये वेगळी वाट चोखाळली. त्यांनी दोन हजारांहून अधिक रेणूंची माहिती संगणकाला पुरविली. ई. कोलाय जीवाणूची वाढ कोणता रेणू रोखतो आणि कोणता रोखत नाही, एवढेच त्याला शिकविले. मग सुमारे सहा हजार रेणूंचा संग्रह त्याच्यापुढे ठेवला. संगणकाने निवडलेला एक रेणू पूर्वी मधुमेहासाठी तपासून बाजूला टाकलेला होता. उंदरांवरील प्रयोगांत मात्र अन्य औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंवर तो प्रभावी ठरला. त्याला 'हॅलिसिन' असे नाव मिळाले ते '२००१ : अ स्पेस ओडिसी' या चित्रपटातील 'हॅल' संगणकावरून. हा हॅल अंतराळवीरांच्या जिवावर उठतो. नाव ठेवणाऱ्यांच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी तेवढी थोडीच!

उंदरापासून रुग्णापर्यंतचा रस्ता लांबचा असतो, हे येथे विसरता कामा नये. प्रथिनांची त्रिमिती रचना वर्तविणाऱ्या 'अल्फाफोल्ड'लाही हेच लागू पडते. या कामासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पण रचना कळली म्हणजे औषध हाती आले, असे होत नाही.

आता दुसरी बाजू. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील 'कोलॅबोरेशन्स फार्मास्युटिकल्स' ही छोटी कंपनी दुर्मीळ आजारांवरील औषधांसाठी नवे रेणू सुचविणारी संगणक प्रणाली वापरत असे. रेणू गुणकारी असला की या प्रणालीत त्याचे गुण वाढत आणि विषारी असला की घटत. स्वित्झर्लंडमधील एका परिषदेसाठी कंपनीच्या संशोधकांनी हा नियम उलटा करून पाहिला आणि विषारीपणालाच बक्षीस दिले. सहा तासांच्या आत प्रणालीने ४० हजार रेणू मांडले. त्यांत 'व्हीएक्स' हे चेतासंस्थेवर घाला घालणारे विष होते. मिठाच्या काही कणांएवढे 'व्हीएक्स' माणसाचा जीव घेण्यास पुरते. शिकविण्यासाठी दिलेल्या माहितीत ते नव्हते. यंत्राने आपल्या बळावर ते गाठले. त्याहून घातक ठरावेत असे नवे रेणूही यादीत होते. संशोधकांनी त्यांपैकी एकही प्रत्यक्षात बनविला नाही. मार्च २०२२ मध्ये त्यांनी हा अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हाही काही तपशील जाणूनबुजून हातचा राखला. यंत्राला येथे ना द्वेष होता ना दया. उद्दिष्टापुढील एक चिन्ह बदलले, इतकेच.

अर्थात कागदावरचे विष आणि कुपीतले विष यांत मोठे अंतर असते. जपानमधील 'ओम शिनरिक्यो' पंथाकडे पैसा, रसायनतज्ज्ञ आणि स्वतःचा कारखाना होता. मार्च १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सोडलेल्या सरिनने बळी घेतले, तरी घाईघाईने बनविलेले ते रसायन अशुद्ध निघाले. अन्यथा मृतांची संख्या कितीतरी वाढली असती. कच्चा माल मिळविणे, तो हाताळणे आणि शुद्ध करणे हे अडथळे आजही कायम आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेने उद्या प्रलय होणार, असे सांगणारे ही बाब विसरतात. मात्र रेणू बनवून देणाऱ्या कंपन्या आता जगभर आहेत, हेही तितकेच खरे.

कायद्याची अडचण निराळीच आहे. १९९७ पासून अमलात असलेला रासायनिक शस्त्रबंदी करार हेतू पाहतो. त्यामुळे मारण्यासाठी बनविलेले कोणतेही विष, नवे असले तरी, त्यानुसार निषिद्धच ठरते. सीमाशुल्क अधिकारी आणि माल पुरवणारे यांच्या हाती मात्र नावांची यादी असते. 'नोव्हिचोक' गटातील विषे इंग्लंडमध्ये २०१८ साली वापरली गेल्यानंतरच त्या यादीत आली. सहा तासांत ४० हजार नावे जन्माला येत असतील, तर यादी कोठवर पुरणार?

मग अशी साधने कुलूपबंदच ठेवावीत काय? मे २०२४ मध्ये 'अल्फाफोल्ड ३'चा शोधनिबंध संगणकीय संहितेविना प्रसिद्ध झाला, तेव्हा शास्त्रज्ञांनीच निषेधाचे पत्र लिहिले. संहिता हाती नसेल तर निष्कर्ष पडताळायचे कसे, हा त्यांचा सवाल होता. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ती शैक्षणिक संशोधनासाठी खुली झाली.