वांग्याला जनसुनावणी, मोहरीला अपॉइंटमेंट

१३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०१०. या पंचवीस दिवसांत केंद्रातला एक मंत्री सात शहरं फिरला, आणि विषय होता वांगं. कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंडीगड, हैदराबाद, बंगळुरू. शेतकरी, शास्त्रज्ञ, बियाणं कंपन्यांची माणसं, डॉक्टर, ग्राहक संघटना, विद्यार्थी असे सगळे मिळून सुमारे आठ हजार लोक आले. बाजूनेही बोलले, विरोधातही बोलले, एकमेकांवर ओरडलेसुद्धा. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश समोर बसून ऐकत होते.

जनुकीय बदल केलेल्या, म्हणजे जीएम पिकावर एवढी मोठी जाहीर सुनावणी आपल्याकडे आधी झाली नव्हती आणि नंतरही झालेली नाही. बीटी वांगं चांगलं की वाईट यावर तुम्ही भरपूर वाचलं असेल. मला त्याच्या मागचा प्रश्न जास्त छळतो. हे लोकांना विचारायला हवं, असं आपल्या कायद्यात कुठे लिहिलंय?

कुठेही नाही.

१९८९चा फॉर्म

भारतात जीएम पिकांचा कारभार डिसेंबर १९८९च्या नियमांवर चालतो. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली ते आले, तेव्हा देशात एकही जीएम पीक शेतात नव्हतं. अंतिम निर्णय दिल्लीतल्या 'जीईएसी' या समितीचा. खाली राज्याची समिती, त्याखाली जिल्ह्याची. जिल्हा समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सदस्य कारखाना निरीक्षकापासून कृषी अधिकाऱ्यापर्यंत. शेतकरी मात्र एकाही पायरीवर नाही.

समितीपुढचे मुख्य प्रश्न दोनच: हे खाऊन माणसाला-जनावराला अपाय होईल का, आणि पर्यावरणाला धोका आहे का? प्रश्न बरोबरच आहेत. पण बी कितीला मिळणार, पुढच्या वर्षी घरचं बी पेरता येणार का, शेजारच्या सेंद्रिय शेतात परागकण गेले तर भरपाई कोण देणार, यांना रकाना नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. फॉर्ममध्ये जी फील्डच नाही, ती माहिती सिस्टिममध्ये कधीच पोहोचत नाही, एवढं या धंद्यात पहिल्या वर्षी कळतं.

जगात हे रकाने बनवले गेलेत. नॉर्वेच्या १९९३च्या कायद्यात सुरक्षेसोबत 'समाजाला याचा उपयोग काय' हेही तपासलं जातं. भारतानं २००३मध्ये मान्य केलेल्या कार्टाहेना करारातलं २३वं कलम सांगतं, की निर्णय घेताना जनतेशी सल्लामसलत करावी. २६वं कलम सामाजिक-आर्थिक परिणाम विचारात घ्यायची मुभा देतं. आपण सही केली, पण नियमांतला फॉर्म तोच राहिला.

कापूस: आधी पेरणी, मग परवानगी

२००१मध्ये गुजरातेत हजारो एकरांवर 'नवभारत १५१' नावाचा कापूस उभा होता. त्या वर्षी बोंडअळीनं आजूबाजूचा कापूस खाल्ला, हा मात्र तग धरून राहिला. तपासल्यावर कळलं, त्यात बीटी जनुक आहे आणि परवानगी कसलीच नाही. जीईएसीनं पीक जाळायचा आदेश दिला. शेतकरी तयार होईनात, आणि शरद जोशी त्यांच्या बाजूनं उभे राहिले. पुढे २६ मार्च २००२ला महिकोच्या तीन बीटी संकरित वाणांना अधिकृत मंजुरी मिळाली. महिको म्हणजे आपल्या जालन्याची कंपनी, सोबत अमेरिकेच्या मोन्सॅन्टोचं तंत्रज्ञान.

किंमत कोणी विचारलीच नव्हती. साडेचारशे ग्रॅमची पिशवी सोळाशे रुपयांच्या वर गेली. वाण संकरित, त्यामुळे दरवर्षी नवी पिशवी. शेवटी २००६मध्ये आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेलं आणि भाव साडेसातशेवर आला. महाराष्ट्रानं २००९मध्ये कापूस बियाण्याच्या भावासाठी वेगळा कायदा केला. डिसेंबर २०१५मध्ये केंद्रानं किंमत नियंत्रण आदेश काढला. मंजुरीच्या टेबलावर न आलेला प्रश्न तेरा वर्षं भांडून, तुकड्यातुकड्यांनी सोडवावा लागला.

वांगं: एका मंत्र्याची मर्जी

मग वांग्याची पाळी आली. वांग्यात शेंडे आणि फळ पोखरणारी अळी असते. तिच्यासाठी शेतकरी हंगामभर फवारत राहतो. महिकोनं वांग्यात तोच 'क्राय१एसी' जनुक घातला. कंपनीचे संकरित वाण होते, आणि धारवाड व कोइंबतूरच्या कृषी विद्यापीठांनी स्थानिक वाणांतही तो आणला. त्यात आपला मांजरी गोटाही होता.

चाचण्यांची मूळ माहिती लोकांना बघायची होती. २००६मध्ये माहिती अधिकाराचा अर्ज झाला. 'व्यावसायिक गुपित' म्हणून टाळाटाळ झाली, प्रकरण माहिती आयोग आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, तेव्हा कुठे २००८मध्ये आकडे बाहेर आले. १४ ऑक्टोबर २००९ला जीईएसीनं हिरवा कंदील दाखवला. दुसऱ्याच दिवशी रमेश यांनी जाहीर केलं, की लोकांशी बोलल्याशिवाय पुढे जाणार नाही.

सुनावण्यांत रकान्याबाहेरचं सगळं बाहेर आलं. बियाण्यावर एकाच कंपनीची पकड बसेल का? बाजारात बीटी वांगं ओळखायचं कसं? वांग्याचं मूळ घरच भारत असेल, तर इथल्या शेकडो वाणांचं काय? उलट बाजूनं प्रश्न होता, की इतकं औषध मारून पिकवलेलं वांगं तुम्ही रोज खाता, त्याची सुनावणी कधी? तोही खराच होता.

९ फेब्रुवारी २०१०ला स्थगिती जाहीर झाली. शास्त्रज्ञांत एकमत नाही, अनेक राज्यांचा विरोध आहे, लोकांचं मन वळलेलं नाही आणि घाई करण्यासारखं काही नाही, अशी कारणं लेखी दिली. निर्णय पटो न पटो, का घेतला हे वाचता तरी येत होतं. पण ही सुनावणी कोणत्याही नियमानं बांधलेली नव्हती. रमेश यांना वाटलं म्हणून ती झाली. ज्या दिवशी मंत्री बदलेल त्या दिवशी ती संपणार, हे तिच्या रचनेतच होतं.

हाच जनुक बांगलादेशात २०१३च्या ऑक्टोबरमध्ये मंजूर झाला. जानेवारी २०१४मध्ये वीस शेतकऱ्यांना रोपं मिळाली. तिथे वाण सरकारी कृषी संशोधन संस्थेचे आहेत आणि शेतकरी बी राखून पुन्हा पेरू शकतो. 'जीएम हवं की नको' एवढाच प्रश्न विचारला, तर बी कोणाच्या मालकीचं हा फरक दिसतच नाही.

मोहरी: वेळ घेऊन या

२०१६मध्ये दिल्ली विद्यापीठात तयार झालेली 'डीएमएच-११' मोहरी आली. या वेळी मूल्यमापनाचा सारांश वेबसाइटवर टाकला आणि मतं मागवली. मुदत ३० दिवस. संपूर्ण कागदपत्रं बघायची तर आधी वेळ ठरवून दिल्लीतल्या मंत्रालयात जाऊन वाचायची. भरतपूरच्या मोहरीवाल्यानं गाडी पकडून दिल्लीला जायचं आणि इंग्रजीतला तांत्रिक दस्तऐवज वाचून उत्तर द्यायचं! सहभागाचा रकाना भरला गेला, सहभाग झाला नाही.

ऑक्टोबर २०२२मध्ये या मोहरीला पर्यावरणीय मंजुरी मिळाली. २३ जुलै २०२४ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दोन वेगळे निकाल दिले. न्या. नागरत्ना यांनी मंजुरी सदोष ठरवली, न्या. करोल यांनी वैध. एका गोष्टीवर मात्र दोघे एक होते: जीएम पिकांचं राष्ट्रीय धोरण करा, आणि ते शेतकरी, राज्यं, तज्ज्ञ अशा सगळ्यांशी बोलून करा.

अकोली जहागीर

लोकसहभाग म्हणजे विरोध, असा आपला समज झालाय. १० जून २०१९ला अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर गावात हजारावर शेतकरी जमले आणि एचटीबीटी कापूस उघडपणे पेरला. तणनाशक सहन करणाऱ्या या कापसाला परवानगी नाही. तेव्हाच्या कायद्यात त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होती. शेतकरी संघटनेची मागणी होती तंत्रज्ञान स्वातंत्र्याची. निंदणीला मजूर मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, हे त्यांचं गणित. त्याच निंदणीवर ज्या बायकांची चूल पेटते, त्यांचं गणित वेगळं. दोन्ही सामाजिक-आर्थिकच प्रश्न आहेत, आणि दोन्ही मांडायला सरकारी टेबल नाही. म्हणून 'नको' म्हणणारा कोर्टात जातो आणि 'हवं' म्हणणारा कायदा मोडून पेरतो. बी तर काळ्या बाजारातून, पावतीशिवाय, गावागावात पोहोचतंच. फसलं तर तक्रार कुठे करणार?

मला स्वतःला बीटी वांग्याची भीती वाटत नाही. पण ते कोण विकणार, कितीला आणि कोणत्या अटींवर, हे ठरवताना वांगं पिकवणारा खोलीत असावा, एवढं वाटतं. ऐकून घेणं ही मेहरबानी असेल, तर ती कधीही काढून घेता येते. ती नियमांत हवी: माहिती मराठीत आणि इतर भाषांत, सुनावणी जिल्ह्यात, आणि आलेल्या प्रत्येक आक्षेपाला लेखी उत्तर. जिल्हा समिती कागदावर १९८९पासून आहेच. तिच्यात दोन खुर्च्या वाढवायच्या आहेत.

वेळही हीच आहे. मार्च २०२२मध्ये काही प्रकारच्या जनुक-संपादित पिकांना १९८९च्या नियमांतल्या बऱ्याच कलमांतून सूट मिळाली. मे २०२५मध्ये अशा भाताचे दोन वाण जाहीरही झाले. बाहेरचा जनुक नाही, म्हणून तपासणी कमी, हा तर्क शास्त्राच्या बाजूनं समजण्यासारखा आहे. पण भाव, मालकी आणि बी राखण्याचा हक्क हे प्रश्न जनुक बाहेरचा की घरचा यावर अवलंबून नसतात. वांग्याला निदान सात शहरं मिळाली होती. भाताला एकही मिळालं नाही.