दप्तराचे बिऱ्हाड
बुलढाणा जिल्ह्यातील कारभार-बदलांचा एक आलेख

बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या शेताने जागा कधीच सोडली नाही, पण त्याचे सरकार मात्र वारंवार बदलले. १८५३ मध्ये ते निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले, १९०३ मध्ये मध्य प्रांताच्या कारभारात आले, १९५६ मध्ये मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचे झाले. दरवेळी शेताबद्दलच्या कागदांना नव्या घरी जावे लागले. राज्य बदलले की इतिहासकार तहांच्या तारखा नोंदवतात. या जिल्ह्याचा महसुली इतिहास वाचताना मला मात्र दुसराच प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटत आला आहे. दप्तर हलवण्यापूर्वी कारभाराचे नियम कोणी ठरवले होते का? लिहायचे कोणी, तपासायचे कोणी, जुना कागद कोणाच्या ताब्यात राहायचा आणि जुना कायदा कुठवर चालायचा, हे ते चार नियम. दप्तराचे प्रत्येक स्थलांतर या चार कसोट्यांवर तपासले, तर आजच्या संगणकीय बदलांकडेही अधिक शहाणपणाने पाहता येते.

दोन मालक, एक हिशेब

निजामशाहीचा पाया ज्या लढाईने घातला गेला, ती ऑक्टोबर १७२४ मध्ये याच जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे झाली. निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि गावाचे नाव फतहखेर्डा ठेवले. पण वऱ्हाडावर त्याची एकट्याची सत्ता फार काळ राहिली नाही. नागपूरकर भोसल्यांचा वाटा बसला आणि प्रांताच्या बऱ्याच भागात साठ-चाळीसची दुअंमली सुरू झाली. महसुलातले साठ भोसल्यांचे, चाळीस निजामाचे. १८०३ च्या देवगावच्या तहाने ही व्यवस्था संपली.

दोन सरकारांचे अंमलदार एकाच गावातून वसुली करत असताना हिशेब तुटला नाही, याचे कारण तो हिशेब दोघांपैकी कोणाच्याच हातात नव्हता. गावात पाटील-पटवारी आणि परगण्यात देशमुख-देशपांडे, असे वतनदार तो सांभाळत. वरच्या दरबाराची भाषा फारसी, खालचा जमाखर्च मराठी आणि लिपी मोडी. देशपांड्याचे दप्तर देशपांड्याच्या वाड्यात असे, आणि वतनाबरोबर तेही पिढ्यान्‌पिढ्या वारशाने जाई. अशा व्यवस्थेत सातत्य खूप होते, पण उत्तरदायित्व थोडे. नोंद कोणी बदलली, हे विचारायला वाड्याच्या दारातच जावे लागे. पुढे निजामाने कर्जापोटी वऱ्हाडचा महसूल हैदराबादचे सावकार पुरणमल आणि मुंबईची पेस्तनजी पेढी यांच्या हवाली केला, तेव्हा तर वसुलीचा अधिकार एकाकडे, हिशेबाची माहिती दुसऱ्याकडे आणि राज्य तिसऱ्याचे, अशी अवस्था झाली.

शेताला क्रमांक मिळाला

मे १८५३ च्या तहाने हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली आले. सार्वभौमत्व निजामाचे आणि कारभार इंग्रजांचा, अशी ही विचित्र रचना होती. सुरुवातीला प्रांताचे दोन जिल्हे केले गेले. उत्तरेच्या जिल्ह्याचे ठाणे बुलढाणा आणि दक्षिणेच्या बालाघाटाचे हिंगोली. पुढे फेररचना झाली, १८६४ मध्ये मेहकर जिल्हा वेगळा निघाला आणि १८६७ मध्ये त्याचे मुख्य ठाणे बुलढाण्यास आले.

नव्या कारभाऱ्यांपुढचा खरा पेच होता तो जमिनीचा धनी कोणाला मानायचे, हा. उत्तर हिंदुस्थानच्या धर्तीवर गावाचा मालक ठरवून त्याच्याशी बंदोबस्त करावा, असा विचार झाला होता. तो मागे पडला आणि १८६१ पासून मुंबई इलाख्याची मोजणी पद्धत वऱ्हाडात आणली गेली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी दख्खनेत बसवलेली ही पद्धत होती. प्रत्येक शेताची हद्द खुणांनी पक्की करायची, त्याला सर्व्हे नंबर द्यायचा, जमिनीची प्रत आण्यांत ठरवायची, त्यावरून आकार बांधायचा आणि तो साधारण तीस वर्षे स्थिर ठेवायचा. शेतापुढे नाव लागे ते खातेदाराचे.

या निर्णयाचे मोल शेजारी पाहिले की कळते. त्याच दशकात नागपूरकडे मध्य प्रांतात मालगुजारी पक्की होत होती आणि गावचा मालगुजार जमिनीचा मालक ठरत होता. वऱ्हाडात तो अधिकार कुणब्या-माळ्याच्या खात्यावर आला. एका प्रांताच्या शेतकऱ्याच्या आणि दुसऱ्या प्रांताच्या शेतकऱ्याच्या पुढच्या शंभर वर्षांत जो फरक पडला, त्याचे मूळ दप्तर मांडण्याआधी ठरलेल्या एका रकान्यात आहे.

लिहिण्याच्या अधिकाराचीही पुनर्वाटणी झाली. देशमुख-देशपांड्यांचे काम काढून घेतले गेले आणि त्याबदली त्यांना रोख नेमणुका दिल्या गेल्या. पाटील-पटवारी राहिले, पण आता सरकारी नमुन्यांना आणि वरच्या तपासणीला बांधलेले. वाड्यातले दप्तर तहसील कचेरीत आले. जुन्या राखणदाराला मोबदला, नव्याला नियम आणि कागदाला सरकारी छप्पर, असा हा नियोजित बदल होता.

पण त्यातली उणीवही सांगितली पाहिजे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचे दिवस आले होते. १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला आणि खामगावची कापूस बाजारपेठ आगगाडीला जोडली गेली. क्रमांक आणि नाव मिळालेले शेत आता सहज गहाण टाकता येऊ लागले. खातेदाराला मालकी देणारा कागदच सावकाराच्या कपाटात जाऊन बसला. शिवाय बटईने शेत वाहणाऱ्याला त्या नमुन्यात जागाच नव्हती. ज्याला रकाना नाही त्याला दप्तराच्या लेखी हक्कही नाही, हे सत्य तेव्हापासूनचे आहे.

प्रांत बदलला, कायदा राहिला

नोव्हेंबर १९०२ च्या कराराने वऱ्हाड वार्षिक पंचवीस लाख रुपयांवर इंग्रजांकडे कायम पट्ट्याने आले आणि १ ऑक्टोबर १९०३ पासून मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरच्या कारभारात गेले. घाईचा राज्यकर्ता असता, तर दोन्ही प्रांतांना एकच जमीन कायदा लावून मोकळा झाला असता. तसे झाले नाही. वऱ्हाड कायद्याच्या दृष्टीने ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हते, त्यामुळे प्रत्येक कायदा तिथे स्वतंत्रपणे लागू करावा लागे. वऱ्हाडची १८९६ ची महसूल संहिता चालू राहिली आणि नंतर १९२८ ची आली. वरचा मंच एक झाला, खालचे हक्क आपल्या जुन्या घरातच राहिले.

१९०५ मध्ये जिल्ह्यांची फेरमांडणी झाली, तेव्हा अकोल्याचे खामगाव आणि जळगाव (जामोद) हे तालुके बुलढाण्याला मिळाले. तालुका या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात जाणे म्हणजे त्याचे खटले, नकाशे, जमाबंदी सारेच नव्या कचेरीच्या अखत्यारीत जाणे. सर्व्हे नंबर मात्र तेच राहिले, आणि क्रमांक टिकला म्हणून ओळख टिकली. पुढे १९१० मध्ये ए. ई. नेल्सन यांनी संपादित केलेले जिल्ह्याचे गॅझेटिअर निघाले, ते याच नव्या हद्दींचे चित्र देते.

सरहद्दीपलीकडची तुलना उद्‌बोधक आहे. देऊळगाव राजापासून जालना हाकेच्या अंतरावर, पण १८५३ नंतर ही दोन गावे दोन कारभारांत वाढली. हैदराबाद संस्थानाने १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू आणली, तर वऱ्हाडचा कारभार मराठीत चालला. एकाच नातेगोत्याच्या माणसांची नोंद सीमेच्या एका बाजूला एका भाषेत, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या भाषेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी, उर्दू आणि फारसी वाचणाऱ्यांची एकाएकी निकड भासली. कागद हलवला, पण तो वाचू शकणारा माणूस पुढच्या पिढीत तयार केला नाही, तर दप्तर असून नसल्यासारखे होते.

बारा वर्षांत तीन संहिता

स्वातंत्र्यानंतर बदलांचा वेग वाढला. मध्य प्रदेशची जमीन महसूल संहिता १९५५ मध्ये लागू झाली. त्या सुमारास तयार केलेले अधिकार अभिलेख विदर्भात आजही वकिलांच्या तोंडी असतात. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा मुंबई राज्यात गेला. राज्य पुनर्रचना कायद्याने, दुसरे काही ठरेपर्यंत जुना कायदाच चालेल, अशी तरतूद करून ठेवली होती, म्हणून सकाळी उठून शेतकऱ्याला आपण कोणत्या कायद्याखाली आहोत असा प्रश्न पडला नाही. १९५८ मध्ये विदर्भासाठी स्वतंत्र कूळ कायदा झाला आणि १८६१ च्या नमुन्यात न मावलेल्या कुळाला उशिरा का होईना, कागदावर जागा मिळाली. १५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ लागू झाली. त्यामागोमाग पश्चिम महाराष्ट्रात रुळलेले गाव नमुने विदर्भात आले. हक्कांचा सात, पिकांचा बारा, फेरफाराचा सहा, खात्याचा आठ-अ. एकराचे हेक्टर झाले. पटवाऱ्याचा तलाठी झाला, आणि अलीकडे ग्राम महसूल अधिकारी. आमच्याकडे लोक त्याला अजून पटवारीच म्हणतात, हेही एक प्रकारचे दप्तरच.

चावडीवरचे वाचन

सातबारा संगणकावर नेताना पूर्वी झाकून गेलेले सगळे उघडे पडले. हस्तलिखित सातबाऱ्यावर खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज सर्व्हे नंबरच्या एकूण क्षेत्राशी जुळत नसली, तरी कागद तक्रार करत नसे. संगणक करतो. नावातली वेलांटी, एकराचा हेक्टर करताना राहिलेली तफावत, मयत माणसाच्या नावे राहिलेले खाते, सारे वर आले. यावर शासनाने योजलेला उपाय मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मराठमोळा वाटतो. २०१७ मध्ये संगणकातील सातबारे चावडीवर मोठ्याने वाचून दाखवले गेले, हरकती घेतल्या गेल्या आणि मग दुरुस्त्या झाल्या. यंत्रातली माहिती खरी की खोटी, याचा निवाडा गावाच्या कानांवर सोपवला गेला.

फेरफाराची जुनी शिस्तही संगणकात शाबूत ठेवली गेली. तलाठ्याने नोंद धरायची, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीला पंधरा दिवस ठेवायचे आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करायचे. लिहिणारा आणि मंजूर करणारा एकच नको, हा नियम शाईच्या काळातला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि नमुना बाराचा पेरा शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून नोंदवावा असे ठरले. देशपांड्याच्या वाड्यापासून शेतकऱ्याच्या हातापर्यंत लेखणीला यायला पावणेदोनशे वर्षे लागली. मात्र ज्याच्याकडे चांगला फोन नाही किंवा शिवारात रेंज नाही, त्याच्यासाठी हा रकाना पुन्हा कोऱ्याच कागदासारखा. पीकविमा आणि नुकसानभरपाई त्याच रकान्यावर तोलली जात असेल, तर हा तांत्रिक तपशील राहत नाही, तो वर्षाच्या भाकरीचा प्रश्न होतो.

ई-ऑफिसच्या उंबऱ्यावर

आता सातबाऱ्यापाठोपाठ खुद्द कचेरीच स्थलांतर करते आहे. मंत्रालयापासून तहसीलपर्यंत फाइली ई-ऑफिस या सामायिक मंचावर नेल्या जात आहेत. टिपणी तिथेच, मंजुरी तिथेच, पत्रही तिथेच. प्रशिक्षण, यंत्रे, स्कॅनिंग यांची चर्चा खूप होते. बुलढाण्याचा इतिहास सांगतो की आधी चार गोष्टी लिहून ठरल्या पाहिजेत. फाइल कोण उघडणार आणि कोण बंद करणार? बदली झालेल्या अधिकाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी थांबणार का, आणि त्याच्या टेबलावरच्या फाइली कोणाकडे जाणार? अ, ब, क, ड अशी कागदांच्या जपणुकीची जी वर्गवारी कचेऱ्यांत चालत आली, ती नव्या मंचावर तशीच लागू होणार का? आणि नागरिकाने नक्कल मागितली तर जुन्या कागदाची मिळणार की पडद्यावरच्या प्रतिमेची, आणि दोहोंत तफावत निघाली तर खरे कोणाचे मानायचे?

ही उत्तरे स्थलांतरानंतर शोधायची नसतात. १८६१ मध्ये ती आधी ठरली म्हणून खातेदार वाचला, आणि बटईदाराचे ठरले नाही म्हणून तो जवळजवळ शंभर वर्षे दाराबाहेर राहिला. दप्तर कुठे ठेवले आहे यापेक्षा ते कोणाचे ऐकते, हे शेतकऱ्याला अधिक भोवते. नवे घर कितीही हवेशीर असो, किल्ली कोणाकडे हे गावाला माहीत असल्याखेरीज सामान हलवू नये.